रोड बाइकची बार टेप: निवड, गुंडाळणी आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ठाण्यात राहतात आणि घोडबंदर रस्त्याने नियमित सायकल चालवतात. त्यांनी आपल्या रोड बाइकच्या ड्रॉप हँडलवर, म्हणजे टोके खाली वळलेल्या हँडलवर, पांढरी बार टेप (हँडलभोवती गुंडाळायची पट्टी) लावली. पहिल्याच पावसाळ्यात ती काळवंडली, ब्रेक लिव्हरच्या मागचे वेढे सरकून मधून धातू दिसू लागला आणि स्टेमजवळची (हँडल मधोमध धरणाऱ्या दांड्याजवळची) चिकटपट्टी सुटून लोंबू लागली. टेप कोणती घ्यावी, कशी गुंडाळावी, किती दिवसांनी बदलावी, ती स्वच्छ कशी ठेवावी आणि जुन्या सायकलींवर दिसते तशी कापडी टेप आजही वापरण्याजोगी आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे सायकलदुरुस्तीचे काम करतो आणि या विषयात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बार टेपचा विचार रंगापासून सुरू न करता तिच्याखालच्या हँडलपासून सुरू करावा. टेप हे हँडलचे आवरण आहे. आवरण हाताला जितके सुख देते, तितकेच ते आतले नुकसान नजरेआड ठेवते. म्हणूनच "टेप किती दिवसांनी बदलावी" या प्रश्नाचे उत्तर टेप किती झिजली एवढ्यावरून देता येत नाही. हँडल शेवटचे कधी उघडून पाहिले, यावरून ते द्यावे लागते.

आपल्या किनारपट्टीच्या हवेत हे विशेष खरे आहे. बहुतेक रोड बाइकची हँडले ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. घामातील मीठ टेपच्या वेढ्यांमधून आत झिरपते, टेप ते धरून ठेवते आणि दमट हवेमुळे आतला थर पुरता वाळतच नाही. अशा स्थितीत ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जागोजागी तुटतो. लोखंडासारखा तांबडा गंज इथे येत नाही. आधी पांढरी भुकटी दिसते, मग रंग किंवा ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने धातूवर चढवलेला) थर फुगतो आणि त्याखाली बारीक खड्डे पडतात. घाम साचण्याच्या जागा ठरलेल्या असतात: लिव्हर हँडलला धरणाऱ्या कड्याखाली, हूडच्या (लिव्हरवरच्या रबरी आवरणाच्या) मागच्या वळणावर आणि वरच्या आडव्या भागात टेप संपते तिथे. दुर्दैवाने हँडलवर सर्वाधिक ताण येणाऱ्या जागाही जवळपास याच असतात. खड्ड्यापासून सूक्ष्म तडा सुरू होतो, रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याबरोबर तो वाढतो आणि स्वार उभा राहून हँडल ओढत असताना ते मोडू शकते. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या उपकरणावर, सायकल चालवणाऱ्यांनी तर अधिकच जपायला हवे, कारण तिथे समोरून वारा नसल्यामुळे घाम सरळ हँडलवर ठिबकतो. ट्रेनरवर बसताना हँडलवर जाड टॉवेल टाकावा आणि उतरल्यावर टेप ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. एवढ्याने हँडलचे आयुष्य निश्चित वाढते.

म्हणून माझा सल्ला असा की मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात नियमित सायकल चालवणाऱ्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टेप चांगली दिसत असली तरी ती पूर्ण उतरवावी. पुणे, नाशिक किंवा विदर्भाच्या कोरड्या हवेत थोडा अधिक काळ चालेल. मात्र पडल्यावर किंवा अपघातानंतर कुठेही राहात असलात तरी थांबू नये. टेप उतरवल्यावर हँडल फडक्याने पुसून चांगल्या उजेडात पाहावे आणि त्यावरून नख फिरवावे. पांढरी भुकटी निघून गेल्यावर खाली पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर चिंता नाही. नख अडकेल एवढा खड्डा किंवा आडवी रेघ दिसली, तर ते हँडल काढून टाकावे. त्यावर नवी टेप गुंडाळू नये. कार्बनच्या हँडलला घामाने असे खड्डे पडत नाहीत, परंतु लिव्हरचे कडे जास्त आवळल्याने त्यावर दबल्याच्या खुणा उमटतात, आणि पडल्यानंतर आतले थर सुटलेले असू शकतात. अशी शंका आल्यास ते जाणकाराला दाखवल्याशिवाय वापरू नये.

हँडल उघडे असतानाच आणखी दोन कामे उरकावीत. लिव्हर दोन्ही बाजूंना समान उंचीवर आहेत का, हे पाहून त्यांची जागा पक्की करावी, कारण टेप बसल्यावर ती बदलणे म्हणजे सगळे पुन्हा करणे होय. लिव्हरचा बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावा. शिमानोच्या रोड लिव्हरसाठी साधारण ६ ते ८ न्यूटन-मीटर सांगितलेले असते, पण कार्बनच्या हँडलवर त्या हँडलच्या निर्मात्याने दिलेली मर्यादा कमी असेल तर तीच पाळावी. दुसरे काम केबलचे. ब्रेक आणि गिअरच्या केबल बाहेरून, टेपखालून जात असतील, तर त्या हँडलच्या खोबणीत बसवून इन्सुलेशन टेपने तीन-चार ठिकाणी बांधाव्यात. सैल केबलवर गुंडाळलेली टेप महिन्याभरात सरकते. प्रश्नकर्त्यांच्या लिव्हरमागचे वेढे सरकण्याचे एक कारण हे असू शकते. जुन्या टेपचा गोंद चिकटून राहिला असेल तर ॲल्युमिनियमवर रॉकेलने निघतो, पण नंतर तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा लागतो, नाहीतर नवी टेप धरत नाही. कार्बनवर आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरावे.

आता गुंडाळणीकडे वळू. सुरुवात खालच्या टोकापासून करावी आणि स्टेमकडे जावे. यामागे कारण आहे. खालून वर येताना प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याची वरची कड झाकतो, कौलारू छपरावर वरचे कौल खालच्या कौलावर येते त्याप्रमाणे. त्यामुळे पाणी सहज आत शिरत नाही आणि उतारावर तळहात पुढे-खाली सरकताना टेपच्या कडा उलट्या उचलल्या जात नाहीत. जुन्या काळी पातळ कापडी टेप उलट, म्हणजे स्टेमकडून खाली, गुंडाळण्याची पद्धत होती. तिचा फायदा असा की टेपचे शेवटचे टोक हँडलच्या टोकाच्या बुचाखाली दडवता येत असे आणि स्टेमजवळ चिकटपट्टी लागत नसे. जाड टेपला मात्र ती पद्धत मानवत नाही; कडा लगेच वर येतात.

वेढ्यांची दिशा हा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो, आणि टेप सैल पडण्याचे मुख्य कारण तिथेच असते. नियम एवढाच की हाताचा पीळ ज्या दिशेने पडतो त्याच दिशेने टेप गुंडाळलेली असावी, म्हणजे प्रत्येक पकडीबरोबर ती घट्ट होत जाते. उलट असेल तर प्रत्येक पकड ती थोडी उसवते. खालचा ड्रॉपचा भाग धरून जोर लावताना मनगटे बाहेरच्या बाजूला वळतात. म्हणून तिथे टेप आतल्या बाजूने वर येऊन बाहेर जावी: सायकलच्या मागे उभे राहून पाहिले तर उजव्या टोकाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि डाव्या टोकाला त्याच्या उलट. वरच्या आडव्या भागावर, विशेषतः घाट चढताना, आपण हँडल स्वतःकडे ओढतो. म्हणून तिथे टेप वरून स्वाराच्या दिशेने येणारी हवी. अडचण अशी की ड्रॉपवर बाहेरच्या दिशेने सुरू केलेली टेप तशीच पुढे नेली, तर वरच्या भागावर पोहोचेपर्यंत ती स्वाराकडून पुढच्या चाकाकडे जाऊ लागते, म्हणजे नेमकी नको त्या दिशेने.

यावर जुना उपाय असा की लिव्हरभोवती इंग्रजी आकड्यातील आठासारखा वळसा घालायचा. टेप लिव्हरच्या खालून एका बाजूने तिरकी वर न्यायची, हँडलला वळसा घालून दुसऱ्या बाजूने तिरकी खाली आणायची आणि मग पुन्हा वर जायचे. या वळशात दिशा आपोआप उलटते आणि लिव्हरच्या कड्याजवळची उघडी जागाही झाकली जाते. पातळ टेपसाठी ही रीत उत्तम आहे. जाड टेपने मात्र हूडखाली गाठोडे तयार होते आणि रबरी हूड नीट बसत नाही. अशा वेळी पाकिटात मिळणारा छोटा तुकडा कड्यामागे आधी चिकटवावा आणि टेप सरळ पुढे न्यावी. मग दोन्हींपैकी एकच दिशा निवडावी लागते. मी वरच्या भागाची सोय आधी पाहतो आणि ड्रॉपवर टेप बाहेरून आत अशी सुरू करतो, कारण आपल्याकडचे बहुतेक स्वार ड्रॉपवर थोडाच वेळ घालवतात. शर्यतीत उतरणाऱ्याने याच्या उलट ठरवले तर ते त्याच्या दृष्टीने योग्यच होईल.

पहिला वेढा हँडलच्या टोकाबाहेर साधारण अर्धी रुंदी ठेवून घालावा, म्हणजे तो आत दुमडून बुचाने दाबता येतो. पुढे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश ते निम्मा यावा. सरळ भागात एक तृतीयांश पुरते, पण वळणाच्या बाहेरच्या बाजूला वेढे पसरतात, म्हणून वळण येण्याच्या आधीपासूनच थोडे जवळ यावे. नवशिका नेमका इथे चुकतो: तो वळण सुरू झाल्यावर सावरू पाहतो, तोवर फट पडलेली असते. ताण एकसारखा ठेवावा; टेप थोडी लांबावी, पण तिचा रंग फिकट दिसू लागेपर्यंत ओढू नये, कारण कॉर्कमिश्रित टेप अशा ठिकाणी फाटते. कामाच्या मध्ये फोन घ्यायचा नाही, हात धुतलेले असावेत, आणि न पटलेला वेढा मनाशी चालवून न घेता तिथल्या तिथे उलगडून पुन्हा घालावा. पहिल्या दोन-तीन वेळा एका बाजूला अर्धा तास लागला तरी तो योग्य कामी लागला असे समजावे.

शेवट स्टेमजवळ करताना टेप तिरकी कापावी, म्हणजे शेवटचा वेढा हँडलला काटकोनात संपतो. कापताना टेप उलगडून, खूण करून, कात्रीने कापावी. ब्लेडने हँडलवरच कापणाऱ्या मेकॅनिकला थांबवावे, कारण धातूवर किंवा कार्बनवर पडलेली ती रेघ पुढे तडा जाण्याचे निमित्त होते, आणि ती टेपखाली कोणाला दिसतही नाही. पाकिटातली छापील चिकटपट्टी दिसायला सुंदर असते, पण उन्हात सुटते. मी आधी चांगल्या प्रतीची इन्सुलेशन टेप दोन-तीन वेढे ताणून लावतो आणि शेवटचा अर्धा वेढा अजिबात न ताणता नुसता दाबून बसवतो. ताणलेले टोक आकसून मागे सरकते आणि गोंद उघडा पडतो; न ताणलेले टोक जागचे हलत नाही. प्रश्नकर्त्यांची लोंबणारी पट्टी या एका सवयीने सुटायची थांबेल.

कोणती टेप, हा प्रश्न आता सोपा होतो. विसाव्या शतकात बराच काळ रोड बाइकवर पातळ विणलेली सुती टेप असे. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेनोट्टो कंपनीची चकचकीत प्लास्टिकची टेप फार गाजली. दिसायला देखणी, पण घामाने निसरडी होणारी आणि गादी म्हणून जवळपास निरुपयोगी. त्याच १९८० च्या दशकात इटलीच्या चिनेल्ली कंपनीने कॉर्कचे कण मिसळलेली मऊ फोमची टेप लोकप्रिय केली, आणि आज मिळणाऱ्या बहुतेक टेप तिच्याच वंशातल्या आहेत. त्यानंतर आलेल्या कृत्रिम पॉलिमरच्या टेप ओल्या हातालाही धरून राहतात आणि फोमपेक्षा अधिक टिकतात, पण महाग असतात. सिलिकॉनची टेप गोंदाशिवाय, स्वतःच्याच पकडीवर बसते. ती उतरवून धुऊन पुन्हा लावता येते, म्हणून हँडलची वार्षिक तपासणी करणाऱ्याला ती फार सोयीची आहे. मात्र ती ताणून गुंडाळण्यासाठी सरावलेला हात लागतो. चामड्याची टेप सुंदर असते, पण कोकणातल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. तिथे मी ती सुचवत नाही.

सुती टेपबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ती नुसती वापरली तर घाम शोषते आणि लवकर मळते. जुने लांब पल्ल्याचे स्वार तिच्यावर शेलॅक, म्हणजे आपल्याकडे सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात ती चपडा लाख, चढवत असत. ही लाख किडीपासून मिळते, तिचे मोठे उत्पादन झारखंड आणि छत्तीसगडमध्ये होते आणि रंगसामानाच्या जुन्या दुकानात ती सहज मिळते. पातळ द्रावणाचे चार-पाच हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा, असे दिले की कापड कडक, पाणी झटकणारे आणि मधासारख्या रंगाचे होते. मूळ रंग त्यामुळे बराच गडद होतो, हे निवडतानाच लक्षात घ्यावे. वर्ष-दोन वर्षांनी वरून एक हात दिला की टेप पुन्हा नवी. दोन मर्यादा मात्र आहेत: लाख स्पिरिटमध्येच विरघळत असल्यामुळे सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने ती चिकट होते, आणि पाणी साचून राहिले तर पांढरे डाग पडतात. शिवाय गादी जवळजवळ नसते. पोलादी फ्रेमची जुनी सायकल हौसेने जपणाऱ्याने ती जरूर वापरावी. रोज घोडबंदरचे खड्डे खाणाऱ्याने नाही.

जाडीचे गणित वेगळे आहे. ड्रॉप हँडलच्या धरण्याच्या भागाचा व्यास सहसा २३.८ मिलिमीटर असतो. २.५ मिलिमीटरची टेप निम्मी एकमेकांवर आणली तर दोन्ही बाजूंना मिळून तब्बल १० मिलिमीटरची भर पडते आणि पकड सुमारे ३४ मिलिमीटरची होते. मोठ्या पंजाला हे सुखावह वाटते. लहान पंजाच्या स्वाराला, आणि यात अनेक स्त्रिया व किशोरवयीन मुले येतात, ती पकड धरून ठेवण्यासाठी सतत जोर लावावा लागतो आणि हात दमतात. त्यांनी १.८ ते २ मिलिमीटरची टेप घ्यावी आणि वेढे कमी चढवावेत. पॅरिस–रूबे शर्यतीत ५० किलोमीटरहून अधिक रस्ता दगडी फरशांचा असतो, म्हणून तिथले काही स्वार दुहेरी टेप लावतात. पण त्या एका दिवसाच्या गरजेवरून वर्षभराची सायकल ठरवू नये.

हात बधिर होण्याची तक्रार घेऊन जाड टेप मागणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात. ३०० किंवा ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेनंतर (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीनंतर) करंगळी आणि अनामिका बधिर होते ती तळहाताच्या बाहेरच्या कडेला जाणाऱ्या नसेवर दाब आल्यामुळे. टेपच्या एका जास्तीच्या मिलिमीटरने तो दाब फारसा हटत नाही. खोगिराचे नाक खाली झुकले असेल, हँडल फार खाली किंवा फार दूर असेल, तर शरीराचा भार हातांवर येतो. आधी ते दुरुस्त करावे. टायर २५ ऐवजी २८ किंवा ३२ मिलिमीटरचे बसत असतील तर तेही बदलावे आणि हवा थोडी कमी ठेवावी. इतके करूनही बधिरता राहिली आणि सायकलवरून उतरल्यावरही दिवसभर टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे.

स्वच्छतेबद्दल. टेप काळी पडते ती मुख्यतः चेनच्या वंगणाने आणि मळक्या हातमोज्यांनी. रस्त्याची धूळ त्यामानाने कमी दोषी असते. चेन चढवल्यावर हात पुसण्यासाठी खिशात एक फडके ठेवावे आणि हातमोजे नियमित धुवावेत. टेप मळली तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब टाकून मऊ टूथब्रशने, वेढ्यांच्या दिशेने, हलक्या हाताने घासावे, ओल्या फडक्याने साबण पुसून काढावा आणि सावलीत वाळवावे. पेट्रोल आणि थिनर अजिबात वापरू नयेत; ते फोम आणि गोंद दोन्ही सोडवतात. गाडी धुण्याच्या फवाऱ्याने हँडल धुतल्यास पाणी वेढ्यांखाली शिरून तिथेच राहते, म्हणून तेही टाळावे. पांढरी टेप व्यावसायिक संघांच्या सायकलींवर शुभ्र दिसते, कारण तिथे ती मळली की मेकॅनिक लगेच बदलतो. आपण ती लावायची तर दर आठवड्याला पुसण्याची तयारी हवी, किंवा गुळगुळीत पृष्ठभागाची पॉलिमर टेप घ्यावी. सच्छिद्र कॉर्कमध्ये शिरलेला डाग पूर्ण निघत नाही. ठाण्याच्या पावसात रोज चालणाऱ्या सायकलला मी काळी, करडी किंवा गडद तपकिरी टेप सुचवीन. खोगिराच्या रंगाशी तिचा मेळ घातला आणि दोन्ही बाजूंची टेप स्टेमपासून समान अंतरावर संपवली, तर काळी टेपही रेखीव दिसते.

शेवटी बुचाकडे दुर्लक्ष करू नये. टोकाचे बूच हरवले की अनेक जण टोकावर टेप दुमडून काम चालवतात. उघडे टोक म्हणजे धारदार कडेची नळी असते, आणि पडताना ती मांडीत किंवा पोटात घुसल्यास गंभीर इजा होते. याच कारणाने ट्रायथलॉनच्या नियमांत हँडलची टोके बंद असणे सक्तीचे आहे, आणि आयर्नमॅन ७०.३ गोवा यासारख्या स्पर्धेला जाणाऱ्यांनी सायकल जमा करण्याआधी ती तपासावीत. बूच सैल बसत असेल तर त्याभोवती इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा. ढिलाई जास्त असेल तर आतून स्क्रूने फुगणारे बूच मिळते, ते घ्यावे. प्रश्नकर्त्यांनी यंदा टेप बदलताना २.५ मिलिमीटरची गडद रंगाची कॉर्कमिश्रित टेप, इन्सुलेशन टेपचे एक रीळ आणि अशा बुचांची एक जोडी, एवढेच आणावे. बाकी पैसे हँडलवर खड्डे आढळले तर नव्या हँडलसाठी राखून ठेवावेत.